दोन बोटं माया

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, दाजींचा गुडघाही आता कमी कुरकुरत असेल. इकडे सगळं ठीक आहे.

हे शेवटचं वाक्य मी अकरा वर्षं प्रत्येक पत्रात लिहितो आणि तूही तेच लिहून परत पाठवतेस. आपली पत्रं एकमेकांच्या पाकिटात टाकली तरी कुणाला कळणार नाही.

बातम्या सांगतो. मागच्या खोलीचा पत्रा बदलून घेतला. कोपऱ्यावरचा बेकरीवाला उन्हाळ्यात गेला. दुकान आता सून बघते. पाव तोच आहे, एका बाजूने करपलेला. आमचं रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हलवलं. माझं काम बदललेलं नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे नकला मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायच्या आणि 'सत्यप्रत' असा शिक्का मारायचा. वीस वर्षांत एकही शिक्का चुकलेला नाही. साहेब सगळ्यांना सांगत असतात, "हा स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मूळ प्रतीशी ताडून बघेल." लग्नच झालं नाही, त्यामुळे ती वेळ आली नाही.

लिहायला बसलो त्याचं कारण तुझी लेक. तिचं पत्र आलं होतं, तुला सांगितलं की नाही माहीत नाही. कॉलेजमध्ये घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसावर पाच पानं लिहायची आहेत. तिने पणजोबा निवडलेत. 'मामा, तुझ्याकडे डायऱ्या आहेत ना, मग तूच सांग,' असं लिहिलंय. मी तिला चार पानं लिहून काढली. अजून पाठवलेली नाहीत. आधी तुला सांगतो, कारण त्यातलं खरंखोटं ओळखणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

सुरुवात मापांपासून केली. आई गेली तेव्हा तू नऊची होतीस, मी पाचचा. बाबांनी दुसरीकडे संसार मांडला आणि एका दुपारी आपल्याला आजोबांच्या दारात आणून सोडलं. आजोबांनी आपल्याला ना जवळ घेतलं, ना काही विचारलं. गळ्यातली टेप काढली आणि दोघांची मापं घेतली. छाती, बाही, उंची. पाटीवर लिहून ठेवली. मग बाबांना म्हणाले, "मागून कपडे पाठवू नकोस. मापं घेतलीत मी." बाबांनी पाठवलेही नाहीत.

मग दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी त्यांचं पायमशीन, भिंतीशी कापायचं टेबल, त्याखाली चिंध्यांचं पोतं. त्या पोत्यावर मी अभ्यास केला आणि बऱ्याचदा झोपलोही. दुसरं मशीन बंद पडलेलं होतं, गिऱ्हाइकं त्यावर छत्र्या ठेवत. तू बारा वर्षांची झालीस तेव्हा त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं.

आणि माया. हे तिला नीट समजावून लिहावं लागलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. तिच्या कानावर हा शब्द कधी पडला असेल असं वाटत नाही. तू कारखान्यात लागलीस तेव्हापासून मार्जिनच म्हणतेस, घरातही तेच चालत असणार. बाकीचे शिंपी एक बोट माया ठेवत, आजोबा दोन बोटं ठेवत. बाजारात त्यावर विनोद होता: बाकीचे शिंपी कापड चोरतात, मास्तर ते गिऱ्हाइकाच्याच अंगावर लपवून ठेवतात. बेकरीवाल्याचा कोट त्यांनी तीनदा सैल करून दिला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, माझ्या पोटाचं भविष्य तुम्हाला आधीच कळतं होय?" आजोबा तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले, "पोटाचं नाही कळत. तुझ्या बायकोच्या हाताचं कळतं." पुढे तो आजारी पडला आणि तोच कोट त्यांनी आवळूनही दिला. "माणूस सुटतो, नाहीतर सुकतो. माप घेतलं तसाच राहतो तो पुतळा." हे वाक्य तिला फार आवडेल.

ते रागीट होते, हेही लिहिलं. लाकडी पट्टीने मारायचे आणि मारून झाल्यावर दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत, जणू मार त्यांनाच बसलाय. मला मशीनवर एकदाच बसवलं. माझी टीप बघून म्हणाले, "तुझी टीप वाकडी, अक्षर सरळ. तू लिहीत जा." आणि आपली मोठी कात्री तुझ्या हातात दिली. तू ती दोन्ही हातांनी धरलीस. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्या दिवशी वहीत लिहायला लागलो, ते आजतागायत. आजोबांच्या एका वाक्याने मला आयुष्यभराची सवय लागली. ती बक्षीस म्हणून लागली की शिक्षा म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

चार पानं चांगली झाली आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, लिहिणाऱ्याचं आजोबांवर फार प्रेम होतं. ते होतंच.

आता एक गोष्ट. तुझ्या लेकीच्या पत्रातला एक परिच्छेद मी वर गाळला. तो जसाच्या तसा उतरवतो:

'आईला विचारलं तर म्हणते, मला काही आठवत नाही. एकदाच बोलली. म्हणाली, त्यांनी मला शेवटी बरोबर ओळखलं होतं, माझ्यात मायाच नाही. मामा, आई असं का म्हणते? ती मला जवळ घ्यायला येते आणि मध्येच थांबते. मग ताप आहे का बघितल्यासारखा कपाळाला हात लावते आणि जाते.'

इथे थांबतो. भांडी घासायची राहिली आहेत.

दुपार

भांडी झाली. डबे पुसले, खिडकीच्या काचा पुसल्या, ज्याची गरज नव्हती ते सगळं केलं. आता लिहितो.

आजोबांची उजवी बाजू गेली, त्यानंतर ते चौदा महिने होते. बोलणं गेलं नव्हतं, पण बाहेर पडायचं ते कुणालाच कळत नसे. मला कळायचं. सकाळ-संध्याकाळ अंग पुसताना, कूस बदलताना, भरवताना कान तयार झाला होता. डॉक्टरसुद्धा त्यांच्याकडे न बघता मला विचारायचे, "काय म्हणतायत?" तू फोनवर तेच विचारायचीस. मी त्यांचा दुभाष्या झालो होतो. चौदा महिने मी त्यांचा एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. म्हणून तर तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

तू शेवटची आलीस तो दिवस तुलाही आठवत असणार. तरी मी माझ्या बाजूने सांगतो, कारण तू मधला काही वेळ स्वयंपाकघरात होतीस.

तू सकाळच्या बसने आलीस. दारातूनच म्हणालीस, "अरे, किती कोंदट ठेवलंयस! खिडकी तरी उघडत जा."

मी म्हटलं, "वारा लागतो त्यांना."

"वाऱ्याने कोणी मरत नाही, शेपट्या."

लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायचो, तेव्हाचं हे नाव. आणि खिडकी उघडलीस. आजोबा हसले. उजवी बाजू हसत नव्हती, डावीकडून हसले. ते हसू मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी रोजचा होतो. मी खोलीत शिरलो की ते बेडपॅनसाठी तयारी करायचे.

तू शर्ट आणला होतास. निळ्या बारीक चौकड्यांचा. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात बसून स्वतःच्या हाताने कापला आणि शिवलास, माप डोक्यातलं. पण ते माप जुनं होतं. त्यांच्या हातापायांना सूज आली होती, आणि ते मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. हे तेव्हा मुद्दाम केलं नव्हतं, असं मला वाटतं. खात्री देत नाही.

डावी बाही गेली. उजवी कोपराशी अडकली. तू हसलीस, "अगोबाई, आजोबा, बाळसं धरलंत की!" आणि तुझा आवाज मध्येच फाटला. "राहू दे, मागाहून बघू. आधी चहा ठेवते," म्हणत तू आत वळलीस. दारात थांबून मला म्हणालीस, "विचार रे त्यांना, जाऊ का मी तिकडे? ते म्हणतील तसं करीन." तिकडे म्हणजे कारखान्याची ती लांबची शाखा. दोन वर्षांसाठी बोलावलं होतं आणि तुझं मन होत नव्हतं.

मी विचारलं. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांचं लक्ष शर्टात होतं. डाव्या हाताने उजव्या बाहीची शिवण उलटी करून चिमटीत धरली होती. तुमच्याकडे शिवतात तशी ती शिवण होती, आत कडेला कापलेली, घट्ट. अंगठ्याने ती चाचपून ते म्हणाले, "माया नाही."

मग म्हणाले, "उसव."

मग म्हणाले, "बसव."

मी आत आलो. तू पाठमोरी होतीस, दूध ओतत होतीस.

"काय म्हणाले?"

"माया ठेवली नाही, म्हणाले."

तू वळलीस. "कोणी? मी?"

मी म्हटलं, "हो."

बस, एवढंच. नीट बघ, ताई, यात एकही शब्द खोटा नाही. माया ठेवली नव्हती, आणि ती तूच ठेवली नव्हतीस. या नकलेवर मी शिक्का मारू शकलो असतो.

तू गॅस बंद केलास. चहा पातेल्यात तसाच राहिला. बाहेर येऊन पिशवी उचललीस आणि दारात उभी राहिलीस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही, असं तुला वाटलं. ते अजून शिवणच बघत होते. तू म्हणालीस, "आजोबा, जाते मी." तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. दोन बोटं जोडलेली होती. तू मला नंतर एकदाच, फोनवर म्हणालीस, "हातानेच जा म्हणाले रे ते मला."

जा नव्हे, ताई. दोन बोटं. इतकी ठेवायची, असं ते तुला दाखवत होते.

आणि मी दोघांच्या मध्ये उभा होतो. खोली लहान आहे, तुला माहीतच आहे. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. तू पायऱ्या उतरलीस, तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. बसस्टॉप चार मिनिटांवर आहे. मी खिडकी लावून घेतली.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "गेली. बस होती तिची."

संध्याकाळ, पाचच्या सुमारास

पुढचे एकोणीस दिवस तुला माहीत नाहीत. ते तुझेही आहेत, म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शर्ट मागून घेतला आणि ब्लेड मागितलं. मी अर्धं पातं लाकडात खोचून दिलं. त्यांनी डाव्या हाताने उजवी बाही उसवायला घेतली. कापड उजव्या मेलेल्या मनगटाखाली दाबून धरायचे, मी ते जागेवर ठेवून द्यायचो. चार टाके निघाले की थकून झोपायचे. सहा दिवस लागले. बाही सुटली, पण सैल करायला आत कापडच नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा जुना पांढरा शर्ट मागितला, त्यांनीच शिवलेला. त्याच्या बगलेतली माया काढली, दोन्हीकडची, आणि तिचा तुकडा तुझ्या निळ्या बाहीत, ती रुंद व्हावी म्हणून, कळीसारखा जोडला. डाव्या हाताने, सुईने. बोट बोट लांबीचे, दारुड्यासारखे टाके. ज्या माणसाने माझी टीप वाकडी म्हणून मला मशीनवरून उठवलं, त्याचे ते टाके होते.

कळी लागली. खांद्याशी, मुंढ्यात बाही बसवायची राहिली. अठराव्या दिवशी तापाने ग्लानी आली, एकोणिसाव्या दिवशी दुपारी ते गेले. तू तेव्हा तिकडे हजर होऊन आठवडाही झाला नव्हता. मी फोन केला तेव्हा तू विचारलंस, "मी यावं का?" मी म्हटलं, "तुला जसं वाटेल तसं." एवढ्या लांबून तू पोचली नसतीसच, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. त्यांना मी पांढरा शर्ट घालून पोचवलं. त्याच्या बगला उसवलेल्या होत्या, पण त्या कुणाला दिसत नव्हत्या.

इतकी वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालत आलो की त्या दिवशी मलाही कळलं नव्हतं. मीही तुझ्यासारखाच चुकलो, शर्ट उसवताना बघून पुढे अर्थ लागला, आणि तोवर तू गेली होतीस, मग इतक्या उशिरा जुनं कशाला उकरायचं. ही समजूत मला इतकी पाठ झाली होती की ती खरी वाटायची. गेल्या रविवारी तुझ्या लेकीसाठी तारखा हव्या होत्या, म्हणून त्या वर्षाची डायरी काढली. त्या दिवसाचं पान असं आहे:

'ताई आली, गेली. शर्टाला माया नाही म्हणून उजवी बाही चढेना. आजोबा म्हणाले, उसव, बसव. ताईला पुरतं सांगितलं नाही. हवा दमट.'

अक्षर माझं आहे, सरळ. खाडाखोड नाही. 'पुरतं सांगितलं नाही' याच्यानंतर पूर्णविराम आहे आणि त्याच ओळीत हवा दमट आहे. मी तो मजकूर तीनदा ताडून पाहिला.

का केलं, हे विचारशील. मी आठवडाभर शोधतोय. चौदा महिने मी त्यांचं सगळं केलं आणि तू एक खिडकी उघडून ते हसू घेतलंस, हे एक कारण. कात्री, हे दुसरं. पण कारणं सापडली की माणूस जरा हलका होतो, आणि मला त्याची भीती वाटते. दोन वाक्यांत सांगायचं तर, तू मनाने जरा खाली यावीस असं मला त्या क्षणी वाटलं. तू किती खाली जाशील हे मी पाहिलं नाही, आणि नंतर पाहूनही गप्प बसलो. तुझी मुलगी आठ वर्षांची होती. आता एकोणीसची आहे. तिच्या कपाळाला लागणाऱ्या हाताचं मला आठवड्यापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. पण हे माहीत नसणंसुद्धा मीच घडवून आणलं. 'सगळं ठीक आहे' असं लिहीत राहिलो.

कोणी म्हणेल, त्यांच्या बोलण्यात दोन्ही अर्थ असतील. नव्हते. आजोबा शब्दांशी खेळणारे नव्हते, आणि ज्याची जीभ उचलत नाही तो माणूस कोट्या करत नाही. ते शिंपी होते आणि शिवणीबद्दल बोलत होते. त्यांनी तुला ओळखलं वगैरे काही नाही. तुझी एक शिवण चुकली, ती दाखवली. बारा वर्षांची होतीस तेव्हा दाखवायचे तशीच.

एकच शब्द मला सुटत नाही. 'बसव.' शिंप्याच्या तोंडी त्याचा अर्थ साधा आहे: बाही बसव. पण तो शब्द म्हणताना त्यांनी शिवणीवरची नजर काढून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तेव्हा कदाचित, तिला बसव, असंही असेल. जाऊ देऊ नकोस, मी उसवून देतो. हे दाराकडे बघणं डायरीत नाही. ते मला आता आठवतंय, आणि माझ्या आठवणीवर तू विश्वास ठेवू नयेस. मी त्यांना विचारायला हवं होतं. चौदा महिने दर वाक्याला विचारायचो, "म्हणजे असं का?" त्या दिवशी तेवढं विचारलं नाही.

शर्ट माझ्याकडे आहे, ट्रंकेत. उजवी बाही सुटी आहे, पांढऱ्या कळीसकट. या पत्राबरोबर पाठवणार होतो, कागदही आणला होता बांधायला. मग वाटलं, पोस्टात टाकलं आणि सुटलो, असं व्हायला नको. तू म्हणशील तसं करीन. काहीच म्हणाली नाहीस तर तो इथेच राहील.

तुझ्या लेकीला लिहिलेली चार पानं मी पाठवणार नाही. पाचवं पान कुणी लिहायचं, तिला काय सांगायचं, ते तू ठरव. माझं सगळं सांगितलंस तरी चालेल.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि आणखी एक काम मी तुझ्यावर टाकणार नाही. माझ्याकडे तुझी एक वस्तू राहिली होती, तेवढी देतो. अकरा वर्षं झाली. या वेळी अर्थ सांगत नाही. त्यांच्या हाताखाली तू शिकलीस, मी नाही.

आजोबांचा तुला निरोप आहे:

माया नाही. उसव. बसव.

मूळ आवाज माझ्यापाशी नाही. त्यामुळे ही नक्कल कशाशीही ताडून बघता येणार नाही, आणि मी हिच्यावर शिक्का मारत नाही.

'तुझं शेपूट' अशी सही करायला हात गेला होता. मागे घेतला.

तुझा भाऊ